पुण्याचा ‘डीपी’: वीस वर्षांचा आराखडा तीस वर्षांनी का बदलतो, आणि मधल्या काळाची किंमत कोण मोजतं?

पुण्यात पत्ता विचारला की ‘डीपी रोडवर या’ असं उत्तर हमखास मिळतं. कोथरूडला डीपी रोड आहे, औंधला आहे, आणि म्हात्रे पुलाजवळचा तर लग्नाच्या लॉन्समुळे सगळ्यांना पाठ आहे. या डीपीचा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोशी संबंध नाही. डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, मराठीत विकास आराखडा. आधी नकाशावर रेघ आली, मग जमिनीवर डांबर आलं, म्हणून रस्त्याला ते नाव चिकटलं.

रेघ आली पण डांबर आलंच नाही, असेही रस्ते पुण्यात बरेच आहेत. त्यांना नाव पडत नाही. त्यांच्यावर पत्र्याच्या शेड, दुकानं, कधी कधी चार मजली इमारती उभ्या राहतात, आणि तीस वर्षांनी कुणाच्या तरी दारावर नोटीस येते.

हा विषय आता पुन्हा ऐरणीवर येण्याची दोन कारणं आहेत. पहिलं, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा म्हणजे पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये रद्द केला. दुसऱ्या कारणाची चर्चा फारशी होत नाही. शहराच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला त्याला दहा वर्षं होतात. कायद्यात या दहा वर्षांना फार महत्त्व आहे. ते का, हे पुढे येईलच.

पुण्यात सध्या नेमका कोणता आराखडा लागू आहे?

साधा प्रश्न, अवघड उत्तर. ते तुम्ही शहराच्या कोणत्या भागात राहता यावर अवलंबून आहे.

कसबा, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती अशा जुन्या हद्दीत राहत असाल तर २०१७ चा आराखडा. बालेवाडी, बाणेर, खराडी, आंबेगावच्या अलीकडचा धनकवडीचा पट्टा अशा १९९७ मध्ये आलेल्या भागांत असाल तर त्यांचा वेगळा आराखडा. १९९७ मध्ये एकदम ३८ गावं महापालिकेत आणली गेली, नंतर त्यातली काही वगळली आणि २३ उरली. त्या २३ गावांचा आराखडा महापालिकेने २००५ मध्ये सरकारकडे पाठवला आणि तो तुकड्यातुकड्यांनी मंजूर होत राहिला. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा, म्हणजे बीडीपीचा, निर्णय व्हायला २०१५ उजाडलं.

त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली. धायरी, शिवणे, उंड्री, आंबेगाव ही त्यातली. मग जून २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, नऱ्हे, मांजरी, सूस, म्हाळुंगे, बावधन. एका अधिसूचनेनंतर पुणे महापालिकेची हद्द सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाली आणि क्षेत्रफळात तिने मुंबईलाही मागे टाकलं. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना वेगळी नगरपरिषद देण्याचा निर्णय झाला, तो भाग वेगळा.

यातल्या शेवटच्या २३ गावांची गंमत अशी की गावं महापालिकेत आली, पण त्यांचं नियोजन पीएमआरडीएकडे दिलं गेलं. घरपट्टी घेणार महापालिका, इमारतीला परवानगी देणार पीएमआरडीए. पाण्याचा टँकर कुणाकडे मागायचा, हे नागरिकांनी आपापलं शोधायचं.

पीएमआरडीएने २०२१ मध्ये आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आणि सूचना आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर सगळाच आराखडा गुंडाळला गेला. म्हणजे या भागाची गाडी पुन्हा जुन्या प्रादेशिक आराखड्यावर आली. तो १९९७ सालचा. त्या वर्षी वाघोली हे नगर रस्त्यावरचं, दगडखाणींसाठी माहीत असलेलं गाव होतं.

आराखडा बदलण्याचा कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे एमआरटीपी कायदा. त्याच्या ३८व्या कलमानुसार आराखडा अमलात आल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा त्याची उजळणी झाली पाहिजे.

प्रक्रिया अशी: आधी महापालिका आराखडा करण्याचा ‘इरादा’ जाहीर करते. मग आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा तयार होतो. त्यावरून पुढच्या लोकसंख्येचा अंदाज बांधून रस्ते, शाळा, दवाखाने, उद्यानं, स्मशानभूमी, घरांसाठीच्या जागा ठरवतात आणि प्रारूप प्रसिद्ध करतात. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात हरकतींसाठी साठ दिवस मिळतात. नियोजन समिती सुनावणी घेते. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिच्या अहवालानंतर आराखडा सर्वसाधारण सभेतून सरकारकडे जातो आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचा.

कागदावर ही साखळी ठीकच आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कडीवर वर्षं जातात.

पुण्याचा पहिला विकास आराखडा १९६६ चा, दुसरा १९८७ चा. म्हणजे तिथे वीस वर्षांचा हिशेब जवळपास जमला होता. तिसरा आला २०१७ मध्ये. तीस वर्षांनी.

त्या तीस वर्षांत शहरात काय झालं हे दोन आकड्यांत दिसतं. १९९१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १५.७ लाख होती. २०११ मध्ये ती ३१.२ लाख झाली. हद्द वाढली हे खरं, पण माणसं दुप्पट झाली हेही खरं. हिंजवडीला आयटी पार्क आलं, एक्स्प्रेस वे आला, प्रत्येक घरात दुचाकी आणि मग चारचाकी आली. हे सगळं १९८७ च्या नकाशावर, अधूनमधून ठिगळं लावत. ठिगळ म्हणजे कलम ३७ खालचा किरकोळ फेरबदल: एखाद्या भूखंडाचा वापर बदलायचा असेल तर सगळा आराखडा न उघडता तेवढाच बदल करता येतो. आराखडा जितका जुना, तितकी ठिगळं जास्त. आणि ठिगळ कुणाच्या भूखंडाला लागतं, हे बहुतेक वेळा भूखंडाचा मालक मंत्रालयापर्यंत पोहोचू शकतो का यावर ठरतं.

८७ हजार हरकती, आणि मग?

जुन्या हद्दीचा नवा आराखडा मार्च २०१३ मध्ये लोकांपुढे आला. नाव ‘२००७ ते २०२७’ साठीचा आराखडा. म्हणजे सूचना मागवल्या तेव्हाच त्याची सहा वर्षं उलटून गेली होती.

त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. एखाद्या सरकारी कागदावर इतक्या पुणेकरांनी आपली मतं लेखी द्यावीत, ही शहराच्या स्वभावाला साजेशी गोष्ट होती. कुणाचं घर रस्त्यात जात होतं, कुणाच्या सोसायटीसमोरचं मैदान नकाशावरून गायब होतं, कुणाला मेट्रोच्या बाजूने वाढीव चटई क्षेत्र देणं पटत नव्हतं. नियोजन समितीत मतभेद झाले. मुदती संपत गेल्या. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि तेव्हाचे विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला. या समितीने बरीच आरक्षणं वगळली. सरकारने मंजुरी देताना त्यातली अनेक परत आणली.

एकाच भूखंडाचं उदाहरण घेऊन पाहा. १९८७ च्या नकाशात तो शाळेसाठी राखीव. २०१३ च्या प्रारूपात उद्यान. समितीच्या कागदात निवासी. अंतिम मंजुरीत पुन्हा आरक्षण. सरकारने मोठा बदल केला असेल तर तो तुकडा ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला काढला जातो आणि त्यावर नव्याने हरकती मागवल्या जातात. म्हणजे शहराचा आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली तरी तुमच्या गल्लीचा झालेला असेलच असं नाही.

हे फक्त पुण्यात होतं असं नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि दोन महिन्यांत तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते रद्द करून चुका दुरुस्त करायला सांगितलं. उभ्या इमारतींतून रस्ते गेले होते, वारसा वास्तू नकाशावर नव्हत्या. दुरुस्तीसाठी चार महिने दिले होते. सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडलं आणि अंतिम मंजुरी मिळायला २०१८. त्या आधीचा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठीचा होता.

चूक दाखवण्याची संधी लोकांना मिळाली, हा हरकतींच्या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. मुंबईत लोक बोलले म्हणूनच आराखडा बदलला. पण प्रारूप बनवतानाच जमिनीवर जाऊन पाहिलं असतं तर ही वेळ आली नसती. उपग्रहाच्या चित्रावर रेघ मारणं सोपं असतं. त्या रेघेखाली एखादी चाळ आहे, हे चित्रात दिसत नाही.

रेघ आहे, मग रस्ता का होत नाही?

कात्रज-कोंढवा रस्त्याचं उदाहरण बघू. पुण्याच्या दक्षिणेला सातारा आणि सोलापूर या दोन महामार्गांना जोडणारा हा रस्ता. अवजड वाहनं, शाळेच्या बस, दुचाक्या, सगळं एकाच पट्ट्यात. जीवघेण्या अपघातांमुळे तो कायम बातम्यांत असतो. आराखड्यात त्याची रुंदी ८४ मीटर. राजस सोसायटी ते खडी मशीन चौक या साधारण साडेतीन किलोमीटरचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं.

मग जमिनीचा प्रश्न आला. जागामालकांनी टीडीआर नको, रोख मोबदला द्या, असं सांगितलं. तेवढे पैसे महापालिकेकडे नव्हते. शेवटी रुंदी सध्यापुरती ५० मीटरवर आणायचं ठरलं आणि राज्य सरकारने भूसंपादनासाठी सुमारे २०० कोटी रुपये द्यायची तयारी दाखवली. ८४ मीटरची रेघ नकाशावर तशीच आहे.

इथे सगळ्या आराखड्यांचं दुखणं कळतं. नकाशावर रेघ मारायला पैसे लागत नाहीत. आराखड्यात एकूण खर्चाचा अंदाज असतो, पण तो खर्च कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून करायचा याचं बंधन महापालिकेवर नसतं. दरवर्षीच्या अंदाजपत्रकाची आणि आराखड्याची गाठ क्वचितच पडते. नगरसेवकाला आपल्या प्रभागात पेव्हर ब्लॉक दाखवायचे असतात, पंधरा वर्षांनी होणाऱ्या रस्त्याची जमीन आज घेतल्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. पुण्यात तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ विचारायला नगरसेवकही नव्हते, प्रशासक होते.

आरक्षणातली जमीन ताब्यात घ्यायचे कायद्यात तीन मार्ग आहेत. मालकाशी बोलून पैसे देणं. पैशांऐवजी टीडीआर किंवा वाढीव एफएसआय देणं. किंवा सक्तीचं भूसंपादन, ज्यात २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट रक्कम द्यावी लागते.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. तुमची जमीन रस्त्यात गेली तर तेवढ्या बांधकामाचा हक्क तुम्हाला कागदावर मिळतो आणि तो तुम्ही दुसरीकडे बांधणाऱ्या बिल्डरला विकू शकता. महापालिकेच्या खिशातून रुपया जात नाही, म्हणून हा मार्ग प्रशासनाचा लाडका. पण टीडीआरला भाव तेव्हाच, जेव्हा बिल्डरला त्याची गरज असते. सरकारच जेव्हा शुल्क घेऊन जादा एफएसआय विकायला लागतं, तेव्हा शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि सरकारचा प्रीमियम एफएसआय हे एकाच दुकानातले दोन माल होतात. मग मालक रोख मागतो. त्यात त्याचं काय चुकलं?

हीच कथा थोड्या फरकाने शिवणे ते खराडी या नदीकाठच्या रस्त्याची. काम सुरू होऊन दशक उलटलं, पण जिथे जागा मिळाली नाही तिथे रस्ता तुटलेला. आणि एचसीएमटीआरची, म्हणजे शहराभोवतीच्या साधारण ३६ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाची. तो १९८७ च्या आराखड्यात आला, २०१७ च्या आराखड्यातही राहिला. मधल्या काळात त्याच्या आखणीत येणाऱ्या जागांचे मालक ना बांधू शकले, ना चांगल्या भावाने विकू शकले. २०१९ च्या सुमारास निविदा निघाल्या. त्या अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या दराने आल्या आणि रद्द झाल्या.

दहा वर्षांचं घड्याळ

आता त्या २०२७ कडे येऊ. मालकाची जमीन आरक्षणात अडकवून महापालिका कायम स्वस्थ बसू शकत नाही. एमआरटीपी कायद्याचं १२७वं कलम म्हणतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची प्रक्रिया सुरू केली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. या नोटिशीनंतर महापालिकेला आधी सहा महिने मिळायचे, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून चोवीस. या मुदतीतही पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं आणि जमीन शेजारच्या जमिनीसारखी बांधकामाला मोकळी होते.

२०१७ मध्ये नव्याने पडलेल्या आरक्षणांसाठी ही दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. सामान्य मालकासाठी हे कलम मोठा आधार आहे. आयुष्यभर अडकलेला दीड गुंठा सोडवायचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. पण ज्यांना वकील, कागदपत्रं आणि तारखा सांभाळायचं बळ आहे, ते आधी रांगेत उभे राहतात. आणि महापालिकेने वेळेत हालचाल केली नाही तर मैदान, दवाखाना, शाळेची जागा सुटते ती वस्तीची सुटते. पुढच्या आराखड्यात नवं आरक्षण टाकायला मोकळी जमीनच शिल्लक नसते.

आणि घरांचं काय?

रस्त्याची रेघ निदान दिसते. घरांचं नियोजन आराखड्यात त्याहून धूसर असतं. निवासी विभाग म्हणून पिवळा रंग दिला म्हणजे घरं परवडणारी होत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम आहे: मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्याने वीस टक्के क्षेत्र अल्प आणि दुर्बल उत्पन्न गटासाठी ठेवायचं. म्हाडाच्या पुण्याच्या सोडतीत ‘वीस टक्के योजना’ म्हणून जी घरं दिसतात ती हीच. अर्जांचे ढीग पाहिले की मागणी किती आणि घरं किती हे कळतं.

उरलेली माणसं कुठे जातात? आराखडा पोहोचलेला नाही तिथे.

धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वाघोलीच्या गल्ल्यांत फिरलं की आराखडा नसलेलं शहर कसं वाढतं ते पायाखाली समजतं. एका बिल्डरने आपल्या सर्व्हे नंबरपुरता नऊ मीटरचा रस्ता सोडलेला असतो. तो शेजारच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवर येऊन थांबतो, कारण शेजाऱ्याने अजून जमीन विकलेली नाही. पलीकडे तिसऱ्याचा रस्ता सहा फूट डावीकडून सुरू होतो. दोन इमारतींच्या मधला ओढा नाला होतो, मग पाइप होतो, मग पार्किंग. तीनशे फ्लॅटच्या सोसायटीतून बाहेर पडायला एकच वाट, आणि ती जुनी शिववाट.

त्याहूनही स्वस्तात घर हवं असेल तर गुंठेवारी. तुकडेबंदीमुळे एका-दोन गुंठ्यांची रीतसर खरेदी अडते, म्हणून चार-पाच जणांच्या नावे सामाईक खत किंवा नुसती नोटरी. घर बांधलं जातं, वीज मिळते, घरपट्टीही सुरू होते. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय केली आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. प्रत्येक मुदतवाढ मागच्यांना दिलासा देते आणि पुढच्यांना सांगते, बांधा, होईल काहीतरी. आराखडा जितका उशिरा येतो तितकी ही घरं वाढतात. आणि तो आला की त्यातले रस्ते याच घरांवरून जातात, कारण मोठ्या प्रकल्पांकडे मंजूर नकाशा असतो आणि गुंठेवारीच्या घराकडे तो नसतो. नकाशा काढणाऱ्यालाही कमी कटकटीची वाट हवी असते.

दुसरं टोक टेकड्यांचं. १९९७ च्या २३ गावांतल्या सुमारे ९७६ हेक्टर टेकड्या आणि उतारांवर बीडीपीचं आरक्षण आहे. पुण्याची हवा आणि ओढ्यांचं पाणी टिकायचं असेल तर ते हवंच. पण मालकांना देऊ केलेला मोबदला इतका तोकडा होता की जमीन महापालिकेकडे फारशी आली नाही आणि बऱ्याच ठिकाणी चोरून बांधकामं झाली. २०२५ मध्ये सरकारने टेकड्यांवरच्या बांधकामबंदीचा पुन्हा विचार करायला अभ्यासगट नेमला.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो नवा नाही. नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, उद्यानं, गरिबांच्या घरांची जागा काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला आखीव भूखंड म्हणून परत द्यायची. जमीन सगळ्यांचीच थोडी थोडी जाते, एकाची सगळी आणि शेजाऱ्याची शून्य असं होत नाही. मुंबई प्रांताने १९१५ मध्येच यासाठी कायदा केला होता आणि डेक्कन जिमखान्याचा परिसर, तेव्हाचं भांबुर्डा, अशाच योजनेतून आखला गेला. त्या भागातले रस्ते आजही सरळ दिसतात.

तोच वारसा गुजरातने जपला. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीचशी जमीन अशा योजनांतून मिळाली. महाराष्ट्रात मात्र ही पद्धत कित्येक दशकं अडगळीत पडली. अलीकडे पीएमआरडीएने माण-म्हाळुंगेला आणि महापालिकेने फुरसुंगी-उरुळीला ती पुन्हा हाती घेतली. तिथेही वेग मंद आहे, कारण शेतकऱ्याला आपला भूखंड नेमका कुठे आणि कधी मिळणार याची खात्री हवी असते, आणि सरकारी शब्दावरचा विश्वास मधल्या तीस वर्षांत बराच झिजलाय.

घर किंवा जागा घेताना काय पाहायचं?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड स्वच्छ आहे म्हणजे जागेवर आरक्षण नाही, असं नव्हे. सातबारा मालकी आणि पिकाचं सांगतो, रस्त्याची रेघ तिथे दिसेलच असं नाही. सर्व्हे किंवा गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा, ज्याला ऑफिसात पार्ट प्लॅन म्हणतात, तो मागायचा. गाव अलीकडे हद्दीत आलं असेल तर आधी परवानगी कोण देतं ते विचारायचं: महापालिका की पीएमआरडीए. प्रारूप आराखडा जाहीर झालेला असेल तर मंजूर आणि प्रारूप, दोन्ही नकाशे पाहायचे. फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर ले-आउट मिळतो. त्यात दाखवलेला पोहोच रस्ता जागेवर खरंच आहे का, हे एकदा चालत जाऊन बघावं. ब्रोशरमधला ‘प्रस्तावित डीपी रोड’ म्हणजे आज तरी नुसतीच रेघ.

हरकत घ्यायची वेळ आली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मजकूर शंभर जणांनी सही करून देण्यात फारसा अर्थ नसतो. एकसारख्या हरकती अनेकदा एकत्रच सुनावणीला घेतल्या जातात. आपला गट नंबर, नकाशाचा तुकडा, जागेचे फोटो आणि नेमकी मागणी लिहून दिलेली एक पानी हरकत जास्त चालते. पोच घ्यावी. सुनावणीच्या तारखेला स्वतः जावं.

पुढच्या आराखड्याचं गणित मात्र आणखी एका गोष्टीवर अडलेलं आहे. शहरात किती माणसं राहतात? २०२१ ची जनगणना झालीच नाही. केंद्राने आता जाहीर केलेल्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर शाळा किती, पाणी किती, रस्ता किती रुंद, हे सगळं २०११ च्या आकड्यांवर अंदाज बांधूनच ठरवायचं. जुन्या हद्दीच्या आराखड्याच्या नावातली ‘२००७ ते २०२७’ ही मुदतही त्याच वर्षी संपते. कायद्यातली वीस वर्षं मात्र तो अमलात आल्यापासून मोजतात, त्यामुळे तो बदलायला महापालिकेकडे २०३७ पर्यंत वेळ आहे.